खटला वर्ग करण्याविषयीचा एक फसवा संदेश

‘न्यायाधीश पक्षपाती वाटला तर खटला दुसरीकडे वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करा, अर्ज पडताच खालचे कामकाज थांबते, वरचे न्यायालय खटला हवा तिथे पाठवू शकते आणि तो हलला की निम्मी लढाई जिंकली,’ असा सल्ला सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

नुसते वाटणे पुरेसे नसते. मुंबईतल्या दंडाधिकाऱ्यांपुढची बदनामीची फिर्याद दिल्लीला हलवावी, ही मनेका गांधी यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये फेटाळली. निष्पक्ष सुनावणी अशक्य होईल असे सबळ कारण हवे, पक्षकाराचे हळवेपण किंवा सोय नव्हे, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी तेव्हा स्पष्ट केले. शिवाय त्याच सत्र विभागातले, म्हणजे त्याच सत्र न्यायालयाच्या हद्दीतले, दुसरे न्यायालय हवे असेल, तर आधी सत्र न्यायाधीशांकडे जावे लागते.

स्थगितीही आपोआप मिळत नाही. फौजदारी खटले कसे चालवायचे हे ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 447 नुसार ती द्यायची की नाही हे उच्च न्यायालय ठरवते आणि दिली तरी आरोपीला कोठडीत पाठवण्याचा खालच्या न्यायालयाचा अधिकार अबाधित राहतो.

‘हवा तिथे’ हे शब्द तर महाराष्ट्रात तरी कोणी लिहू नयेत. माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावरील भ्रष्टाचाराचे खटले विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये दिला होता. खटले लवकर निकाली निघावेत हा हेतू चांगलाच होता. पण 1952 च्या कायद्याने असे खटले फक्त विशेष न्यायाधीशांनीच चालवायचे होते आणि थेट उच्च न्यायालयात सुनावणी झाल्याने आरोपीचा तिथे अपील करण्याचा हक्कच बुडत होता. 1988 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो आदेश मागे घेतला. आपलीच चूक सर्वोच्च न्यायालयाने अशी कबूल केल्याची उदाहरणे विरळाच.

राहिली निम्मी लढाई. खटला हलला म्हणून निकाल ठरत नाही. सोहराबुद्दीन शेख यांच्या कथित बनावट चकमकीचा खटला 2012 मध्ये गुजरातमधून मुंबईला आला आणि 2018 मध्ये सर्व 22 आरोपी निर्दोष सुटले. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि हत्यांचा बिल्किस बानो खटलाही मुंबईलाच आला, तिथे 2008 मध्ये 11 जणांना जन्मठेप झाली. त्यांना गुजरात सरकारने दिलेली शिक्षामाफी सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2024 रोजी रद्द केली, कारण शिक्षा ज्या राज्यातल्या न्यायालयाने सुनावली त्या राज्याच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या, सरकारलाच तो अधिकार होता.