फ्लॉरेन्सच्या मनोऱ्याबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इटली सहलीबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. फ्लॉरेन्समध्ये ‘लिफ्ट नसलेल्या मनोऱ्याच्या ४१४ पायऱ्या चढायला लावल्या, वर फोटोला जाळी आडवी, जगप्रसिद्ध घुमट मात्र पैसे वाचवायला वगळला’, असं तुम्ही लिहिलंय. हा मनोरा म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचा (कॅथेड्रलचा) घंटांचा मनोरा, आणि घुमट त्याच चर्चचा. सहलीचा विचार करणारे लोक हे वाचतात, म्हणून उत्तरही इथेच देतो.

घुमटाचा पास महाग असतो, हे खरं. पण मनोरा निवडण्याचं कारण ते नाही. घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट तिथेही नाही. शिवाय वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा तो घुमट त्याच्याच माथ्यावर उभं राहून दिसणार कसा? चित्रकार जोत्तोने उभारायला घेतलेल्या या मनोऱ्यावरून तो अगदी समोर येतो. लाल कौलं, त्यांवरच्या पांढऱ्या फासळ्या, पार टोकाला पोचलेली माणसंसुद्धा दिसतात. मनोऱ्यात मधल्या मजल्यांवर दम खाता येतो, वाटेत घंटा जवळून बघता येतात. ज्येष्ठ मंडळी असलेल्या ग्रुपला हे फार सोयीचं पडतं. पायऱ्यांचा आकडा आम्ही सहलीच्या माहितीपत्रकात छापतो.

जाळी सुरक्षेसाठी आहे, ती काढणं आमच्या हातात नाही. मोबाइलची लेन्स जाळीच्या भोकाशी टेकवली की फोटो स्वच्छ येतो.

१३३४ मध्ये जोत्तोने मनोऱ्याचं काम हाती घेतलं, तीन वर्षांत तो गेला. पुढे आंद्रेआ पिसानो आणि फ्रान्चेस्को तालेन्ती यांनी ते चालवलं, १३५९ मध्ये मनोरा पुरा झाला. पण मला विचाराल तर खरी मजा पायथ्याशीच आहे. तिथल्या षट्कोनी शिल्पांत राजेरजवाडे नाहीत, कामकरी माणसं आहेत: मागावर बसलेली बाई, वैद्य, नांगराला जुंपलेले बैल. आमच्याकडचे शेतकरी घरातले प्रवासी त्या बैलांपाशी हमखास रेंगाळतात. मूळ शिल्पं शेजारच्या म्युझियममध्ये आहेत, त्याच तिकिटात, आणि तिथे लिफ्ट आहे.

तुमच्या सासूबाईंना गुडघेदुखीमुळे खाली थांबावं लागलं, याचं वाईट वाटलं. टूर मॅनेजरने त्यांना म्युझियमपर्यंत सोडण्याची तयारी दाखवली होती. अनोळखी ठिकाणी आत एकटं फिरायला त्या तयार नव्हत्या, तेही समजू शकतो. यापुढे बुकिंगच्या वेळीच ‘मनोरा की म्युझियम’ विचारून घेऊ आणि म्युझियमच्या गटासोबत आमचा माणूस देऊ. मनोरा मात्र सहलीत राहील.