‘टेप एकच, मग मिक्स दोन कशाला?’

कोल्हापुरातल्या रॉक ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: “लाइव्ह अल्बम म्हणजे स्टेजवर वाजलं तेच. टेप एकच असते. नवं मिक्स म्हणजे आवाज मोठा करून जुनाच माल विकणं. पहिलं मिक्स तेवढं खरं.” नवी पोरं हे वाचून चांगली रेकॉर्डिंग न ऐकताच सोडून देतात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. मिक्स म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज कमी-जास्त करून एकत्र बसवणं.

“स्टेजवर वाजलं तेच.” पण कुठं बसून ऐकलेलं? खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगीवाल्याशेजारी बसलेल्याला हलगीच ऐकू येते, वरच्या पायरीवरच्याला माणसांचा गलका. दोघांनी पाहिलेली कुस्ती एकच. शिवाय डीप पर्पल या रॉक बँडचा ‘मेड इन जपान’ हा लाइव्ह अल्बम घ्या. १९७२ च्या १५, १६ आणि १७ ऑगस्टच्या तीन मैफलींतून तो निवडलाय. ‘स्मोक ऑन द वॉटर’ ओसाकातल्या पहिल्या रात्रीचं, ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ टोकियोतली, उरलेली चार गाणी ओसाकातल्या दुसऱ्या रात्रीची. अख्खा अल्बम एका बैठकीत कुणीच ऐकलेला नाही.

“टेप एकच.” हो, पण ‘मेड इन जपान’च्या टेपवर आठ ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या आठ वेगळ्या पट्ट्या, होत्या. गिटार किती पुढं, ऑर्गन कुठल्या बाजूला, टाळ्या किती, हॉलची घुमणी किती राहू द्यायची, हे सगळं मिक्स करणारा ठरवतो. २०१४ मध्ये केविन शर्ली या निर्मात्यानं त्या तिन्ही रात्री नव्यानं मिक्स केल्या, तेव्हा हेच निर्णय पुन्हा घेतले गेले.

“फक्त आवाज मोठा.” इथं रिमास्टर आणि रिमिक्स यांची गल्लत झालीय. रिमास्टर तयार मिक्सवरच होतो, त्यात एकूण आवाज तेवढा बदलतो. नुसता आवाज चढवून विकलेल्या अशा आवृत्त्या आहेत आणि त्यांच्यावरचा राग रास्त आहे. रिमिक्समध्ये मात्र मूळ ट्रॅकपर्यंत परत जातात. बीटल्सच्या हॉलिवूड बोलमधल्या १९६४-६५ च्या मैफली तीनच ट्रॅकवर होत्या आणि पोरींच्या किंकाळ्या त्यांत मिसळलेल्या. त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिननं १९७७ मध्ये जमेल तेवढं केलं. २०१६ मध्ये त्याच्याच मुलानं, जाइल्सनं, नव्या तंत्रानं किंकाळ्या मागं सारून गाणं आणि वाद्यं पुढं आणली. चौघं किती घट्ट वाजवत होते ते आता कळतं. याला जुना माल म्हणणं अन्याय आहे.

“पहिलं तेवढं खरं.” लोकांनी आधी ऐकलेलं म्हणून पहिल्या मिक्सचा मान मोठाच. पण मूळ रेकॉर्डिंगमध्येच उणीव असेल तर? द हू या रॉक बँडचं इंग्लंडातल्या हल शहरातलं रेकॉर्डिंग बघा. फेब्रुवारी १९७० मध्ये, लीड्स शहरातल्या त्यांच्या मैफलीच्या दुसऱ्याच दिवशी झालेली ही मैफल. सुरुवातीच्या काही गाण्यांत बास गिटारचा आवाजच रेकॉर्ड झाला नव्हता. पुढं आदल्या रात्रीचा लीड्सचा बास तिथं बसवला, तेव्हा ती संपूर्ण बाहेर आली. मला हे पटतं. अट एकच: असं केलं असेल तर पाकिटावर स्पष्ट छापावं.

दोन मिक्स ताडून बघणार असाल तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. कानाला जे मोठं तेच सरस वाटतं, आणि निम्मे वाद तिथंच सुरू होतात.