ब्राउझरमधले पासवर्ड पुसायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. वर तीन लाल दिवे, खाली "सायबर तज्ज्ञांचा इशारा" आणि तज्ज्ञाचं नाव कुठेच नाही. मजकूर थोडक्यात असा: १६ अब्ज पासवर्ड फुटले आहेत. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आजच्या आज पुसा. पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत सांभाळणारं ॲप, ब्राउझरमध्येही तशी सोय असते) तर अजिबात नको, कारण सगळ्या किल्ल्या एकाच जागी राहतात आणि कंपनी तुमचे पासवर्ड वाचते. त्याऐवजी एक सूत्र धरा: कुलदैवताचं नाव, मग @, मग जन्मसाल, मग त्या साइटची पहिली दोन अक्षरं. दर ३० दिवसांनी बदला. वहीत लिहा, नाहीतर स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.

एरवी मी अशा मेसेजकडे ढुंकूनही बघत नाही. पण माझ्या मावशीनं तो सकाळी वाचला आणि संध्याकाळपर्यंत क्रोममधले सगळे पासवर्ड पुसले. बँक, पेन्शन, वीजबिल, जीमेल, सगळीकडे नव्या सूत्राचा पासवर्ड घातला. मावशी निवृत्त शिक्षिका आहे, सांगितलेलं काम तंतोतंत करते. फोन केला तर म्हणाली, "अगं, तज्ज्ञांनी सांगितलंय म्हणून केलं." तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

१६ अब्जांचं आधी उरकते. जून २०२५ मध्ये ही बातमी खरोखर आली होती. पण गुगल किंवा ॲपल फोडून कुणी १६ अब्ज पासवर्ड नेले, असं काही झालं नव्हतं. लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून पासवर्ड चोरणाऱ्या व्हायरसनी वेळोवेळी गोळा केलेला माल आणि जुन्या गळत्यांचे ढिगारे एकत्र सापडले, त्यांची ती बेरीज होती. त्यात एकच माणूस अनेकदा मोजला गेला असणार. घाबरून सगळं पुसण्याचं त्यात काही कारण नव्हतं.

आता त्या सूत्राकडे येते. सगळ्यात घातक मुद्दा हाच आहे आणि लोकांना सगळ्यात आवडलेलाही हाच.

कुलदैवत गुप्त असतं का? अख्ख्या भावकीचं कुलदैवत एकच असतं. लग्नपत्रिकेवर पहिल्या ओळीत छापलेलं असतं, गाडीच्या काचेवर लिहिलेलं असतं, घराला तेच नाव असतं. खंडोबा, तुळजाभवानी, जोतिबा, रेणुका, शांतादुर्गा, मंगेशी: महाराष्ट्र आणि गोवा मिळून यादी करायला बसलात तर दुपारच्या चहाच्या आत बहुतेक घरं त्यात बसतील. जन्मसाल? साठी झाली की ग्रुपवर केकचा फोटो पडतो, त्यावरून वजाबाकी कुणालाही जमते. साइटची पहिली दोन अक्षरं तर साइटच्या नावातच आहेत. म्हणजे या पासवर्डाचा एकही तुकडा असा नाही जो त्या ग्रुपमधल्या शंभर माणसांना ठाऊक नाही. आणि सूत्र हजारो ग्रुपवर जाहीर झालेलं! पासवर्ड तयार करण्याची रीत चावडीवर वाचून दाखवायची आणि वर त्याला सुरक्षा म्हणायचं, हे लिहिताना त्या तज्ज्ञाचा हात कसा अडखळला नाही?

"पण प्रत्येक साइटला शेवट वेगळा आहे ना," असं मावशी म्हणाली. तिचं बरोबर आहे, वेगळा आहे. पण एखाद्या साडीच्या दुकानाची किंवा तिकिटांची साइट फुटली आणि तिथला पासवर्ड उघडा पडला, की शेपटीला त्या साइटची दोन अक्षरं लावलेली दिसतात. बाकीच्या साइटसाठी शेपटी बदलणं हे माणसानं बसून करायचं कामही नाही. पासवर्ड फोडणारे प्रोग्रॅम नेमके असेच नियम घेऊन चालतात: आधी नाव, मग चिन्ह, मग चार आकडे, मग दोन अक्षरं. डोळ्यांना अवघड दिसणारा पासवर्ड यंत्राला अवघड असतोच असं नाही.

आणि एकच पासवर्ड सगळीकडे वापरला की काय होतं, त्याचं उदाहरण २०२३ मध्ये साऱ्या जगानं पाहिलं. ट्वेंटीथ्री अँड मी ही अमेरिकेतली जनुकचाचणीची कंपनी. दुसरीकडे फुटलेले पासवर्ड चोरांनी तिथे लावून पाहिले आणि सुमारे १४ हजार खाती उघडली. तिथे नातेवाईक शोधायची सोय होती, त्यामुळे त्या १४ हजार खात्यांतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. पासवर्ड एकाचा गेला, माहिती नातलगांची गेली. सूत्राचा पासवर्ड म्हणजे किंचित मुखवटा घातलेला तोच पासवर्ड.

पुढचा मुद्दा: "ब्राउझरमध्ये सेव्ह करू नका." इथे मेसेजनं जे काढून घेतलं ते किती मोलाचं होतं, हे बहुतेकांना कळलेलंच नाही. पासवर्ड आठवून देणं हा ब्राउझरचा लहानसा उपयोग. मोठा उपयोग हा की पासवर्ड कोणत्या पत्त्याच्या साइटचा आहे हे तो लक्षात ठेवतो. "तुमचं खातं आज बंद होईल, केवायसी करा" असा एसएमएस येतो, लिंक दाबली की हुबेहूब बँकेचं पान उघडतं. लोगो तोच, रंग तोच. माणूस फसतो. ब्राउझर फसत नाही, कारण तो लोगो बघतच नाही, पत्ता बघतो. पत्ता वेगळा असेल तर पासवर्डची चौकट रिकामी राहते. ती रिकामी चौकट हीच धोक्याची घंटा. वहीतून बघून हातानं टाइप करणाऱ्याला ही घंटा कधीच ऐकू येत नाही. मावशीनं त्या दिवशी हीच घंटा काढून टाकली.

यात सध्या एक गोंधळ आहे, तो मात्र सांगायला हवा. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. त्यामुळे जुन्या पत्त्यावर सेव्ह केलेला पासवर्ड नव्या पत्त्यावर आपोआप भरला जात नाही, आणि लोकांना वाटतं मॅनेजर बिघडला. बिघडलेला नाही, तो त्याचं काम करतो आहे. पासबुकावर किंवा बँकेच्या अधिकृत ॲपमध्ये पत्ता ताडून बघा, स्वतः टाइप करून उघडा, आणि मॅनेजरमधल्या त्याच नोंदीत नवा पत्ता जोडा, तशी सोय नसेल तर नव्या पत्त्यावर पासवर्ड पुन्हा सेव्ह करा. एसएमएसमधल्या लिंकवरून जाऊन हे करू नका.

अर्धं सत्य कबूल करते, नाइलाजानं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड व्हायरस चोरू शकतो. फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर, गेमच्या 'क्रॅक'बरोबर हे व्हायरस येतात आणि आल्या आल्या ब्राउझरचीच झडती घेतात. फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्ड, म्हणजे सेव्ह केलेल्या सगळ्या पासवर्डांना कुलूप घालणारा एक पासवर्ड, लावण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते, आपण जाऊन चालू करावी लागते. ती बंद असेल आणि तुमच्या लॉगिनवर कॉम्प्युटर उघडा ठेवून तुम्ही उठलात, तर कुणीही बसून तुमच्या खात्यांत शिरू शकतं. इतपत मान्य. पण कॉम्प्युटरमध्ये व्हायरस बसलेला असेल तर वहीतून बघून टाइप केलेला पासवर्डही तो टिपतो. मग वहीनं काय वाचवलं? सायबर कॅफेत, ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर सेव्ह करू नका, हा सल्ला योग्य आहे. तो मेसेजमध्ये नव्हता.

"कंपनी तुमचे पासवर्ड वाचते." सगळ्यांना एकाच काठीनं हाकू नये. बिटवॉर्डन, वनपासवर्ड, प्रोटॉन पास या मॅनेजरांकडे तुमची तिजोरी कुलूपबंद होऊनच पोचते. किल्ली तिजोरी उघडणाऱ्या तुमच्या मुख्य पासवर्डापासून तुमच्याच फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तयार होते. बिटवॉर्डनचा कोड तर जगासमोर उघडा आहे, कुणीही तपासावा. फायरफॉक्सचं सिंकही (सगळ्या उपकरणांवर तेच पासवर्ड ठेवणारी सोय) असंच चालतं, म्हणूनच तिथला खात्याचा पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरी की (आधी काढून ठेवलेली राखीव किल्ली) नसेल तर सर्व्हरवरचे पासवर्ड मोझिला परत देऊ शकत नाही. गुगलचं थोडं वेगळं: तिथे किल्ली मुळात गुगलच सांभाळतं, पण किल्ली फक्त तुमच्या उपकरणावर ठेवायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. तो चालू करण्याआधी खातं परत मिळवायचे मार्ग नीट लावून ठेवा.

"सगळ्या किल्ल्या एकाच जागी" याला लास्टपास या पासवर्ड मॅनेजरचा दाखला जोडलेला होता. तो खोटा नाही. २०२२ मध्ये लास्टपास फुटलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीला सांगावं लागलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरांच्या हाती लागल्या आहेत. पासवर्ड कुलपात होते, पण साइटचे पत्ते उघडे होते. ही गोष्ट लाजिरवाणीच आहे, आणि जुन्या काही ग्राहकांच्या कुलपाची ताकद कंपनीनं वेळेत वाढवली नव्हती, ते त्याहून वाईट. पण त्या चोरीनंतर कोण धोक्यात आलं? ज्यांचा मुख्य पासवर्ड तोकडा होता ते. लांब, कुठेही न वापरलेला मुख्य पासवर्ड असणाऱ्यांची तिजोरी फोडणं जवळपास अशक्य. यातून घ्यायचं ते हे की मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा असावा. शब्दकोश डोळे मिटून उघडा, बोट पडेल तो शब्द घ्या. अभंगाची ओळ नको, गाण्याचं धृपद नको, आणि कुलदैवत तर नकोच.

दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलण्याचा सल्ला खरं तर अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेनं मोडीत काढलेला आहे. २०१७ मध्ये त्यांच्या ८००-६३बी या मार्गदर्शिकेनं सांगितलं की ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच लावा. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह यांची सक्तीही करू नका. कारण साधं: महिन्याच्या महिन्याला बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा एकनं वाढवतो. याच कागदात असंही आहे की साइटनं पासवर्ड पेस्ट करू द्यावा, कारण त्यामुळे पासवर्ड मॅनेजर वापरणं सोपं होतं आणि लोक अधिक भक्कम पासवर्ड निवडतात. म्हणजे ज्या गोष्टीला मेसेज "अजिबात नको" म्हणतो, तिची वाट मोकळी ठेवायला हा कागद सांगतो. आपल्याकडच्या काही बँका आजही पेस्ट बंद ठेवतात आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतात. तिथे इलाज नाही. नवा पासवर्ड मॅनेजरकडूनच करून घ्या आणि लगेच सेव्ह करा.

वही? घरातल्या कपाटातली वही वाईट नाही. परदेशातला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. मुख्य पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा, जोडीदाराला जागा सांगून ठेवा. पण साठ खात्यांचे लांबलचक पासवर्ड वहीतून बघून रोज कुणी टाइप करत नाही, म्हणून वहीवाले शेवटी सूत्राकडेच वळतात. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवणं मात्र सोडाच. फोन दुरुस्तीला दिला की पहिली उघडी पडणारी जागा तीच.

मेसेजच्या तळाशी "सगळे मॅनेजर सारखेच" अशीही एक ओळ होती. सारखे नाहीत, आणि निवड बहुतेक तुमच्या ब्राउझरवर ठरते. फोनही अँड्रॉइड, कॉम्प्युटरवरही क्रोम, दुसरं काही नाही: गुगलचा आतलाच मॅनेजर पुरे, वेगळं काही घेऊ नका. मावशीला मी हाच परत लावून दिला. दोन्हीकडे फायरफॉक्स असेल तर त्याचाच वापरा, कॉम्प्युटरवर प्रायमरी पासवर्ड लावून. सगळं ॲपलचं असेल तर २०२४ पासून त्यांचं स्वतंत्र पासवर्ड ॲप आहे, आणि विंडोजवरच्या क्रोमसाठी आणि एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरसाठी त्यांचं एक्स्टेंशनही (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) मिळतं. हातात आयफोन, घरी विंडोज, ऑफिसात एज, अशी भेळ असेल तर कोणत्याही एका ब्राउझरला बांधलेला मॅनेजर त्रास देतो. तिथे बिटवॉर्डनसारखा वेगळा घ्या, सगळ्या ब्राउझरांत चालतो आणि फुकटातही उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही. आपली तिजोरी कुणाच्याच सर्व्हरवर नको असेल तर कीपासएक्ससी आहे: एक कुलूपबंद फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर, ब्राउझरला एक्स्टेंशननं जोडलेली. मात्र तिची प्रत दुसरीकडे ठेवायची जबाबदारी तुमची. एका ॲपमध्ये अडकून पडू नये हेही बघा. मायक्रोसॉफ्टनं २०२५ मध्ये आपल्या ऑथेंटिकेटर या ॲपमधली पासवर्डची सोय बंद करून लोकांना एजकडे पाठवलं, तेव्हा अनेकांची धावपळ झाली.

वेगळा मॅनेजर घेतलात तर एक्स्टेंशन ब्राउझरच्या अधिकृत दुकानातूनच घ्या, तेही मॅनेजरच्या स्वतःच्या साइटवरच्या दुव्यावरून, कारण नावात साम्य असलेली नकली एक्स्टेंशन असतात. पान उघडताच आपोआप भरण्याचा पर्याय बंद ठेवा, आपण दाबलं तरच भरलं जाऊ दे. आणि जुन्या ब्राउझरमधून पासवर्ड नव्यात नेताना जी सीएसव्ही फाइल तयार होते, तिच्यात सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत, कुलपाशिवाय लिहिलेले असतात. ती डाउनलोड्समध्ये पडून राहते. काम झालं की ती पुसून टाका आणि रिसायकल बिनही रिकामी करा.