संमोहनाने दडलेली आठवण ‘जशीच्या तशी’ बाहेर येते? खुलासा

सायकोलॉजिकल थ्रिलर पाहून झाला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘बालपणीचा आघात मेंदू कुलूपबंद करतो, संमोहनाने तो जसाच्या तसा परत दिसतो.’ पडद्यावर लोलक हलतो, नायिका किंचाळते, गुन्हेगार सापडतो. प्रत्यक्षात असं होत नाही.

आठवण म्हणजे व्हिडिओ नव्हे. दर वेळी ती नव्याने जुळवली जाते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1995 साली 24 जणांना त्यांच्या लहानपणचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन खरे, चौथा बनावट: पाचेक वर्षांचे असताना तुम्ही मॉलमध्ये हरवलात, रडलात, एका म्हाताऱ्या बाईंनी मदत केली. जवळपास चौथ्या हिश्श्याला हे पूर्ण किंवा थोडंफार ‘आठवलं’! संमोहनाने तर खात्री वाढते, अचूकता नाही.

याचा अर्थ बालपणीच्या आघाताबद्दल उशिरा बोलणारे खोटं बोलतात असा मुळीच नाही. भीतीने, लाजेने माणसं वर्षानुवर्षं गप्प राहतात. बहुतेकांना घडलेलं विसरताच येत नाही, हीच खरी अडचण असते.