एक हाफ, कॉपर

चार दिवस झाले, लेक मला अजून 'हाफ' म्हणून हाक मारते. जावई तोंडावर हसत नाही, स्वयंपाकघरात जाऊन हसतो आणि ते मला बाहेर ऐकू येतं. तेव्हा एकदाचं काय झालं ते सांगूनच टाकते.

सप्टेंबरचा शेवट. कोलोरॅडोतल्या समिट काउंटीत फ्रिस्को नावाच्या गावात आम्ही दोन दिवस उतरलो होतो. कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर, आणि इथला बसस्टँडच त्याच्यापेक्षा साडेतीन हजार फूट उंच. ह्यांचं डोकं धरलं, ते खोलीत पडद्यांसकट मिटून पडले. लेक-जावई सकाळीच सायकली घेऊन ब्रेकनरिजला गेलेले. जाताना लेक म्हणाली, "आई, बाराला तू बसने ये. फुकट असते. सोप्पं आहे."

सोप्पं!

बस फुकट आहे हे मला कळलं होतं, पण हाताला कळलं नव्हतं. चाळीस वर्षं 'सुट्टे पैसे हातात ठेवा' ऐकलेला हात तो. चढताना त्याने आपोआप दोन डॉलर पुढे केले. ड्रायव्हरबाईने हसून मान हलवली. मला वाटलं कमी पडले, म्हणून आणखी एक काढला. आता ती बाई मोठ्याने हसली. मागे रांग थांबलेली. तेवढ्यात बसच्या पोटातून आवाज आला, "आवो ताई, ठेवा ते पैशे आत. हितं तिकीटच न्हाई!"

परक्या मुलखात मराठी कानावर पडलं की माणूस आधी विरघळतं आणि मग फसतं. मी विरघळले. तिसऱ्या बाकावर माकडटोपी, स्वेटर, स्वेटरवर जाकीट आणि मांडीवर लांबुळकी वही घेतलेले काका बसले होते. बाहेर लख्ख ऊन. मी विचारलं, "काका, ही ब्रेकनरिजला जाते ना?"

"जाती की. बसा."

हे 'जाती की' नीट लक्षात ठेवा.

मी टेकले. काकांनी खिशातून एक नाणं काढलं आणि समोरच्या दांड्यावर दोनदा आपटलं. टण, टण. बस सुटली. ती त्यामुळे सुटली नाही हे मलाही कळतं, पण काकांच्या चेहऱ्यावर तसा काही संशय नव्हता.

"डबल बेल दिल्याबिगर गाडी हालवायची न्हाई," ते म्हणाले. "आन् हितं बगा, दोरी पॅशिंजरच्या हातात! कुनीबी वढतंय." खिडक्यांवरून खरंच एक पिवळी दोरी गेली होती. तिच्याकडे काकांनी, घरातल्या तिजोरीची किल्ली मोलकरणीच्या कमरेला दिसावी, तसं पाहिलं.

काका कराडकडचे. एस.टी.त कंडक्टर. "एष्टी आन् मी एका सालचं. १९४८. पयली गाडी पुणे-नगर, एक जूनला. मी आक्टोबरात." १९७२ ला लागले, २००६ ला निवृत्त झाले. मुलगी इथे डॉक्टर. ती आणि जावई सकाळी सातला बाहेर पडतात, आणि काका आठला. गाडी चालवता येत नाही, इंग्रजी येत नाही, पण बस येते. एवढं भांडवल घेऊन हा माणूस गेले चार महिने रोज काउंटीभर फिरतोय.

नुसता फिरत नाही. वेबिल भरतोय.

वहीत उभे-आडवे रकाने आखलेले. थांबा, चढले, उतरले, फुल, हाफ, टप्पे, रक्कम. एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरचा, तोच इथे लावलेला. प्रत्येक थांब्यावर काका माना मोजत, पेन्सिलीचं टोक जिभेला लावत आणि लिहीत. पानांमधे ॲस्पेनची पिवळीधमक पानं दाबून ठेवलेली होती. दसऱ्याला आपट्याच्या जागी वाटणार म्हणे. सगळा डोंगर त्या पानांनी हळदीने माखल्यासारखा दिसत होता, पण काकांचं लक्ष मागच्या दाराने कोण चढतंय तिकडे.

"ह्यो सगळा हिशेब कशाला काका?"

"किती उत्पन्न बुडालं त्ये कळाय नको?"

कुणाचं बुडालं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. कारण लेकीने मला आदल्या रात्रीच समजावलं होतं की ही बस विक्रीकरावर चालते. म्हणजे सकाळी मी घेतलेली कॉफी आणि ह्यांच्यासाठी घेतलेले लोकरीचे मोजे, दोन्हींवर कर भरून माझं तिकीट आधीच निघालेलं होतं. शिवाय ही बस माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी नाहीच मुळी. हिवाळ्यात इथे बर्फावर घसरायला जग लोटतं, आणि त्या जगाच्या चादरी बदलणारी, भांडी घासणारी माणसं त्या महागड्या गावांत राहू शकत नाहीत. त्यांना पहाटे आणायचं नि रात्री नेऊन सोडायचं, हे बसचं खरं काम. गाड्या कमी झाल्या की पार्किंगची मारामारीही कमी. काकांना हे सगळं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन मानसं मोजायची कशी मग?"

एकूण फुकट बसचे ते या भागातले तज्ज्ञ. ब्रेकनरिज गावाची स्वतःची वेगळी बस आहे, तीही फुकट. तिची वेगळी वही. वेल गावातली बसही फुकट. "तिकडं न्हाई गेलो अजून. हितनं वेलपतोर जायला पैशे पडत्यात." फुकट बसमध्ये बसण्यासाठी पैसे भरावे लागणं, हा आयुष्यात त्यांच्यावर झालेला सगळ्यात मोठा अन्याय असावा.

मग त्यांनी मागे वळून, दूर चकाकणारं डिलनचं धरण दाखवलं. "ह्ये आन् आमची कोयना, दोगी एकाच वक्ताची. गाव उठीवलं, दुसरीकडं बसवलं. पानी बोगद्यातनं डोंगराच्या पल्याड. त्ये डेनवरला पितंय, आमचं पोफळीला ईज करतंय." आणि एवढं बोलून थोडा वेळ पेन्सिलही थांबली. खरं सांगते, त्या क्षणी मला काका आवडले होते. तो क्षण नसता, तर मी वेळेत खिडकीबाहेर पाहिलं असतं.

कारण धरण मागे पडत होतं. दोन्ही बाजूंनी कडे जवळ येत होते. आम्ही मोठ्या हमरस्त्यावर होतो आणि पाटीवर लिहिलं होतं, कॉपर माउंटन.

"काका, ब्रेकनरिज?"

"त्ये तिकडं ऱ्हायलं."

"तुम्ही म्हणालात जाते!"

"जातीच की. आदी कॉपरला जाती, मग परत फ्रिस्कोला येती. तितनं ब्रेकनरिजची दुसरी धरायची. नाय जात?"

चौतीस वर्षांचा अनुभव असल्याशिवाय असं उत्तर देता येत नाही. त्यात चुकीचं एक अक्षर नाही. मी मोबाईल काढला, तर लेकीचे तीन फोन येऊन गेलेले. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी चिडले. आणि माझी खरी पंचाईत तिथेच झाली. भांडायचं कशाच्या जोरावर? आपल्याकडे बस चुकीच्या रस्त्याला लागली की आपण तिकीट नाचवतो. 'पैसे मोजलेत आम्ही!' हे एक वाक्य हातात असलं की बाई आगारप्रमुखाच्या टेबलापर्यंत जाऊ शकते. इथे हातात काय? तीन घामट डॉलर, तेही परत केलेले.

काकांना माझं तोंड दिसलं असावं. समजुतीच्या सुरात म्हणाले, "आवो, एवढं काय? तिकीट न्हाई काय न्हाई. फेरा फुकटच की." आणि वहीत पाहत पुढे, "तसंबी तुमचं हाफच."

"हाफ?"

"महिला न्हवं? अर्दंच धरतो मी. ह्या गाडीत बगा, अकरा मानसं, त्यात सात बायका. गाडी भरल्यागत दिसती, पन पैका अर्दाच."

हे ऐकायला मी नऊ हजार फूट चढून आले होते का? १७ मार्च २०२३ पासून, म्हणजे आम्हाला एस.टी.त अर्धं तिकीट झाल्यापासून, मी हे वाक्य कोरेगावला ऐकलंय, वाईला ऐकलंय, स्वारगेटला तर रांगेत उभी असताना पाठीमागून ऐकलंय. बायकांमुळे जागा मिळत नाही. बायका उगाच हिंडतात. जणू मी मंत्रालयासमोर पदर पसरून बसले होते. त्याआधीची पस्तीस वर्षं पूर्ण तिकीट काढून उभ्याने प्रवास केला, तो कुणाच्या वेबिलात गेला? अर्धं तिकीट घेतलं म्हणून मी अर्धीच बसते का? खिडकीशी बसलं तर 'ताई, जरा सरका' म्हणणारे बुवे पूर्ण तिकिटाचे, म्हणून त्यांना पाय पसरायचा हक्क!

"आणि तुमचं काय लिहिलंय काका?" मी विचारलं.

काका ताठ झाले. "माजं शून्य. पंच्याहत्तरच्या वर सगळं माफ. अमृत योजना."

माझं अर्धं, तो गाडीचा तोटा. यांचं शून्य, ते अमृत.

कॉपरला सगळे उतरले. प्रत्येक जण उतरताना ड्रायव्हरबाईला थँक्यू म्हणत होता, हॉटेलच्या गणवेशातल्या दोन पोरीसुद्धा. बस तशीच उभी राहिली. परतीला आत आम्ही दोघंच. बाहेर वाऱ्याने पिवळी पानं अंगणभर उडत होती. पाचव्यांदा फोन वाजला, तो मी उचलला नाही.

सुटायची वेळ झाली. काकांनी नवीन ओळ आखली, पेन्सिल जिभेला लावली.

"कॉपर-फ्रिस्को. लिहू हाफ?"

"फुल लिहा."

"फुल? का वो?"

"लिहा तुम्ही. मग सांगते."

त्यांनी लिहिलं. टण, टण केलं. बस सुटली आणि मी तोंड उघडलं. फ्रिस्कोपर्यंत दोन टप्पे होते. पुरले.