जमीन हातात होती, तरी सेझ का झाला नाही?

‘शेतकऱ्यांनी आडकाठी केली म्हणून सेझ (करसवलतीची विशेष आर्थिक क्षेत्रं) बुडाले, देश मागे राहिला,’ असं आजही उरण-पनवेलकडे छातीठोकपणे सांगितलं जातं. मला हे साफ अमान्य आहे.

पेणच्या २२ गावांत विरोध होता, कबूल. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ही गावं. २१ सप्टेंबर २००८ला सरकारनेच तिथे महामुंबई सेझसाठी शेतकऱ्यांचं मतदान घेतलं. शेकापचे नेते एन. डी. पाटील सरांसारखी माणसं पाठीशी होती. लोक हटले नाहीत, भातशेती वाचली.

पण द्रोणागिरी, उलवे, कळंबोलीचं काय? नवी मुंबई सेझला दिलेली ही जमीन सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, शहर वसवायचं म्हणून आधीच घेतलेली. तिच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तान फाटा आणि नवघर इथे पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. सेझवाल्यांना नव्याने कोणाची मनधरणी करायची नव्हती. शेजारी जेएनपीटी बंदर, हाताशी २००५चा सेझ कायदा, निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण आयकरमाफी. तरी बहुतेक जागा वर्षानुवर्षं पडीक! २०११मध्ये सेझला मॅट (किमान पर्यायी कर) लागला आणि गुंतवणूकदारांचा उत्साहच ओसरला. शेवटी २०१८मध्ये राज्य सरकारने तिथे सेझऐवजी एकात्मिक औद्योगिक क्षेत्र करायची वाट मोकळी केली. यात कुठला शेतकरी आडवा आला?

आमच्या जुन्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाला कंस आहे, म्हणजे नाव कमी झालेलं, खाली सिडको. संपादन झाल्यावर खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाची डागडुजी कोणी करेना. उधाणाला बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि भाताच्या खाचरांत तिवरं उगवली. ना भात, ना कारखाना. देशाच्या विकासाच्या हिशेबात हे नुकसान कुठल्या रकान्यात धरतात?

ऐरोलीच्या आयटी सेझमध्ये आमच्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या, हेही खरंच. पण त्या इमारती जुन्या औद्योगिक पट्ट्यात उभ्या राहिल्या, त्यासाठी नवी शेती लागली नाही. उद्योग हवेतच, आम्हालाही हवेत. मात्र आधी एमआयडीसीतले बंद पडलेले प्लॉट वापरा. २०१३च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारी भूमी बँकेला परत करण्याचं कलम आहे. त्यातली ‘भूमी बँक’ वगळा आणि पहिला हक्क मूळ मालकाच्या वारसांना द्या. आमच्या आमदार-खासदारांनी एवढं तरी सभागृहात मागावं.