कामगारांना जेवू घालायचंय? आधी सीएला विचारा

चाकणला नाहीतर बुटीबोरीला शेड टाकलीय, मशिनी आल्या, आणि आता पोरांना दुपारचं गरम जेवण द्यावं असं मनात आलंय म्हणता? छान. फक्त हे ऑडिटवाल्यासमोर बोलू नका. कारण मायेने जेवू घातलंत तर केटररच्या बिलावरचा जीएसटी गेला तुमच्या खिशातून, इनपुट क्रेडिट (म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या भरायच्या करातून वजा करायची सोय) शून्य, आणि कायद्याने मानगूट धरून घालायला लावलं तर मात्र क्रेडिट मिळतं! फॅक्टरी ॲक्टचं कलम 46 म्हणायचं, अडीचशेच्या वर कामगार गेले की कॅन्टीन सक्तीचं. म्हणजे 240 जणांना वरणभात वाढणारा येडा ठरायचा आणि 251 वा भरती करणारा शहाणा. (2020 च्या लेबर कोडाने, म्हणजे नव्या कामगार कायद्याने, नोव्हेंबर 2025 पासून हा आकडा 100 वर आणलाय, पेढे वाटायचे असतील तर शंभराव्याला वाटा.)

तसं हे दुखणं जुनं आहे. 2010 साली अल्ट्राटेक सिमेंटच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की कॅन्टीनचं केटरिंग हे धंद्याशीच जोडलेलं आहे, सेवाकराचं (जीएसटीच्या आधीचा कर) क्रेडिट घ्या. झालं, सरकारने 1 एप्रिल 2011 पासून (तारीख बघा!) नियमातच लिहून टाकलं की कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक उपभोगासाठी केटरिंग असेल तर क्रेडिट नाही. आता भाकरी खाताना माणूस ती वैयक्तिक नाही तर काय कंपनीच्या वतीने खातो का, हे विचारायचं नसतं.

मग जीएसटी आला आणि कलम 17(5) ने परत दार लावलं. फेब्रुवारी 2019 पासून फट ठेवली, कायद्याने सक्ती असेल तर क्रेडिट. पण ती ओळ छापली तिसऱ्या उपकलमाखाली आणि जेवण पहिल्या उपकलमात, त्यामुळे मधल्या अर्धविरामावर वाद रंगला! हो, अर्धविराम! तिकडे आमटी गार होतेय आणि इकडे मोठी माणसं विरामचिन्ह मोजतायत. शेवटी 6 जुलै 2022 ला परिपत्रक काढून सांगावं लागलं की बाबांनो, ती ओळ सगळ्यांनाच लागू आहे.

आता सुटलात असं वाटलं ना? थांबा. समजा थाळी 60 ची, तुम्ही 50 भरता आणि 10 पगारातून कापता. कर 5 टक्के, म्हणजे 3 रुपये. त्यातले अडीच तुमचे, पण कामगाराच्या 10 रुपयांवरचे आठ आणे क्रेडिट म्हणून घेतलेत तर नोटीस, उत्तर, सुनावणी, अपील, आणि वकील काही आठ आण्यात येत नाही हो. तेव्हा दर थाळीमागे आठ आणे वेगळे काढणारा एक माणूस ठेवा. तोही जेवेल, त्याचं क्रेडिट वेगळं बघू. आणि ठेकेदाराकडचा पोरगा त्याच रांगेत ताट घेऊन उभा असेल तर त्याला जरा थांबायला सांगा, सीएसाहेब फोनवर आहेत.